लाल गोळी आणि दुधाचा पेला

मागच्या अंकात जाता जाता एक वाक्य लिहून गेले होते, 'लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एका घोटात घेऊ नका.' त्यावर इतकी पत्रं आली की या वेळी ठरवलेला विषय बाजूला ठेवला. बहुतेकांची तक्रार एकच, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायला हवं होतं ते माझ्यासारख्यांनीच. चौतीस वर्षं सांगलीत औषधाचं दुकान चालवते. पाकिटावर १-०-१ लिहून देते, पण कशाबरोबर आणि कशापासून लांब, हे किती वेळा सांगितलं असेल? दुकानात गर्दी असली की तेवढंच राहून जातं.

मी फार्मसीची पदविका घेतलेली बाई आहे, डॉक्टर नाही. गोळी सुरू करायची, बंद करायची, कमीजास्त करायची ते तुमच्या डॉक्टरांनी. घड्याळ आणि ताट यांची सांगड घालून देणं एवढं माझं काम.

प्रश्न : ताई, सुनेला पाचवा महिना चालू आहे. आशाताईंनी रक्तवाढीच्या लाल गोळ्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या दिल्यात. विसरायला नको म्हणून मी रात्री झोपताना लाल एक आणि कॅल्शियमच्या दोन अशा तिन्ही एकदम देते, पेलाभर केशरी दुधाबरोबर. तुमचा लेख वाचल्यापासून डोळ्याला डोळा नाही. बाळाला काही अपाय झाला असेल का? (सौ. शा. पा., कराड)

उत्तर : वहिनी, आधी शांत झोपा. बाळाला काही झालेलं नाही. या गोळ्या पोटात एकत्र आल्या म्हणून विष होत नाही, फक्त त्यातलं बरंचसं अंगी न लागता निघून जातं. शिवाय तुम्ही रोज न चुकता देताय. माझ्या दुकानातून नेलेल्या निम्म्या लाल गोळ्या फ्रिजच्या डोक्यावर पडून असतात, हे मला पक्कं ठाऊक आहे. त्यामानाने तुमची सून सुखी.

आता आत काय होतं ते बघा. लोह शोषलं जातं ते मुख्यतः लहान आतड्याच्या सुरुवातीच्या वीतभर भागात. जठरातून आलेलं सगळं तिथून पुढे सरकत असतं, म्हणजे लोहाला जागाही थोडी आणि वेळही थोडा. त्याच वेळी कॅल्शियम तिथे हजर असलं की लोह आत जाण्याचं प्रमाण घसरतं. १९९१ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी १२६ जणांवर हे मोजलं. गव्हाच्या पावाबरोबर १६५ मिलिग्रॅम कॅल्शियम पोटात गेलं, मग ते दुधातून जावो, चीजमधून जावो की नुसत्या क्षारातून, लोहाचं शोषण ५० ते ६० टक्क्यांनी उतरलं. दीडशे मिली दुधात साधारण तेवढंच कॅल्शियम असतं. तुमचा केशरी दुधाचा पेला त्याहून मोठाच असणार. वर दोन गोळ्यांचं प्रत्येकी ५००. आणि या सगळ्यासमोर लाल गोळीतलं लोह किती? ६० मिलिग्रॅम.

नुकसान कॅल्शियमचंही होतं. एका वेळी ५०० मिलिग्रॅमच्या वर दिलं की त्यातला शोषला जाणारा वाटा कमी होत जातो. म्हणून तर सरकारी कार्यक्रमात दिवसाचं १ ग्रॅम कॅल्शियम ५००-५०० असं दोन वेळा विभागून दिलेलं आहे, आणि लोहापासून दोन तास लांब ठेवायला सांगितलेलं आहे. ही सूचना कागदावर आहे, पण आशाताईंकडून घरापर्यंत येईतो 'रोज घ्या' एवढंच शिल्लक राहतं. त्यांना तरी काय बोलायचं, एकेका बाईमागे किती घरं असतात.

तुमच्यासाठी वेळा अशा बसवते. कॅल्शियमची एक गोळी सकाळच्या नाश्त्यानंतर, दुसरी दुपारच्या जेवणानंतर. या गोळ्यांत बहुधा कॅल्शियम कार्बोनेट असतं. ते विरघळायला पोटातलं आम्ल लागतं आणि आम्ल जेवणाच्या वेळी भरपूर सुटतं, म्हणून जेवणानंतरच. रात्रीचं जेवण आठला उरकत असेल तर लाल गोळी दहाला, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर. लिंबातलं क जीवनसत्त्व लोहाला हात देतं. केशरी दूध बंद करायची गरज नाही, ते संध्याकाळी पाचला द्या. झोपायच्या आधी लोह घेण्याचा एक फायदा असा की मळमळ व्हायची ती झोपेत निभावून जाते. शौचाला काळी होईल, त्याला घाबरू नका. मात्र गोळ्यांची पट्टी घरातल्या लहान पोरांच्या हाताला लागू देऊ नका. लाल गोड वेष्टण पोरांना जेम्सच्या गोळ्यांसारखं दिसतं, आणि मूठभर लोहाच्या गोळ्या पोराच्या जिवावर बेततात.

आता माझीच फजिती सांगते, म्हणजे तुम्हाला बरं वाटेल. सासूबाईंचं खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी हौसेने सात खणांची गोळ्यांची डबी आणली होती. वारांची नावं मराठीत चिकटवली. प्रत्येक वाराच्या खणात सकाळच्या सगळ्या गोळ्या एकत्र टाकल्या, लोह, कॅल्शियम, पित्ताची, सगळ्या. रोज साडेसातला चहाबरोबर खण रिकामा व्हायचा आणि मी माझ्याच शिस्तीवर खूश. तीन महिन्यांनी रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन ९.१ वरून ९.४. डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या नीट घेतात ना? मी फणकाऱ्याने डबीच पुढे केली. त्यांनी ती उघडली, खणात बोट फिरवलं आणि म्हणाले, 'तुमचं तर औषधाचं दुकान आहे ना?' एवढंच. त्यानंतर लोह वेगळ्या डबीत गेलं, पुढच्या तीन महिन्यांत आकडा ११ च्या वर आला. नुसती वेळ बदलल्याचंच हे फळ असं म्हणणार नाही, कारण त्याच काळात त्यांची भूकही परतली होती. पण ती सात खणांची डबी मी परत वापरली नाही.

प्रश्न : दूध नको हे समजलं. मग चहाबरोबर घेतली तर? चहात दूध असून असून किती असतं? (एक गृहिणी, मिरज)

उत्तर : तुम्हाला दुधाचं भय आहे, पण इथे खरा अडसर चहाच आहे. घरी करून बघा. लाल गोळी पाण्यात धरून वरचं वेष्टण धुऊन टाका, आतली गोळी चमच्याने कुटा आणि कपभर कोऱ्या चहात टाकून ढवळा. मी दुकानातल्या पोरीला दाखवायला केलं होतं. तांबूस चहा बघता बघता काळाकुट्ट झाला, दौतीतल्या शाईसारखा. ती शाईच आहे! पूर्वी हिरडा आणि हिराकस उकळून काळी शाई करायचे, कापडालाही काळा रंग द्यायचे. हिराकस म्हणजे लोहाचाच क्षार, आणि हिरड्यात जे तुरट टॅनिन असतं तसल्याच जातीचं द्रव्य चहातही असतं. दोघं एकमेकांना घट्ट धरून बसतात, ते आतड्याला सोडवत नाही.

१९७५ साली दक्षिण आफ्रिकेत लोकांना लोहाचं द्रावण, पाव, बटाटा-कांद्याच्या सूपबरोबर भात असं देऊन, सोबत चहा पाजून मोजणी केली होती. प्रत्येक वेळी शोषण घटलेलं दिसलं, क जीवनसत्त्व दिलेलं असतानाही. तेव्हा गोळीच्या आधी-नंतर तास-दीड तास चहा-कॉफी नको. नुसत्या जेवणालाही हे लागू आहे. पालक-मेथीची भाजी, बाजरीची भाकरी असं लोहाचं जेवण जेवायचं आणि ताटावरून उठल्या उठल्या चहाला आधण ठेवायचं, ही आपल्याकडची रीत मोडता आली तर बघा. मला अजून पूर्ण जमलेली नाही.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. साडेसहाची एस.टी. पकडायची म्हणून पहाटे सव्वापाचला उठते. थायरॉइडची गोळी, लोह, कॅल्शियम, बी-१२ असं सगळं एकदमच घेते, वर चहा-बिस्किट. थायरॉइडचा डोस वर्षात दोनदा वाढवला, तरी टीएसएच (थायरॉइड कमी पडलं की रक्तात वाढणारा आकडा) खाली येत नाही. माझ्या गोळ्यांची कंपनी बदलावी का? (सौ. मे. जो., विटा)

उत्तर : कंपनी बदलू नका, वेळ बदला. लाल गोळीचं चुकलं तर निम्मं लोह जातं, उरलेलं तरी मिळतं. थायरॉइडच्या गोळीला एवढी ढिलाई चालत नाही. तुमची गोळी १०० ची असेल तर ते १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे मिलिग्रॅमचा दहावा हिस्सा. तिच्या शेजारी ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम म्हणजे पाच हजारपट. मोहरीच्या दाण्यापुढे कलिंगड ठेवल्यासारखं. लोह आणि कॅल्शियम दोन्ही तिला बांधून ठेवतात, म्हणून चार तासांचं अंतर सांगितलेलं आहे.

पहाटे सव्वापाचला फक्त थायरॉइड, नुसत्या पाण्याबरोबर. पावणेसहा-सहाला आंघोळ, डबा आवरून झाल्यावर चहा. कॅल्शियम शाळेत मधल्या सुट्टीत डबा खाऊन झाल्यावर. लोह घरी आल्यावर, संध्याकाळच्या चहाच्या तासभर आधी किंवा रात्री जेवणानंतर दोन तासांनी. बी-१२ बिचारं कुणाच्या अध्यातमध्यात नसतं, कधीही घ्या.

आता यातली खरी महत्त्वाची गोष्ट, आणि ती बहुतेकांना कुणी सांगत नाही. तुमचा डोस दोनदा वाढला, तो गोळी नीट शोषली जात नसताना. वेळ सुधारली की तीच गोळी पुरती अंगी लागायला लागेल आणि वाढलेला डोस कदाचित जास्त होईल. धडधडणं, हात थरथरणं, झोप उडणं, वजन उतरणं असं काही जाणवलं तर थांबू नका, लगेच दाखवा. नाही जाणवलं तरी डॉक्टरांना सांगा की मी वेळ बदललीय, आणि सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा करा. मनाने डोस कमी करायचा नाही.

थायरॉइडसारखाच नाजूक मामला काही अँटिबायोटिकांचा आहे, सिप्रोफ्लॉक्सॅसिन आणि डॉक्सिसायक्लिन ही त्यातली रोजच्या पाहण्यातली. लोह, कॅल्शियम, पित्तासाठी घेतो ती मॅग्नेशियमची पातळ औषधं, सगळ्यांशी यांची गाठ बसते आणि औषध निकामी होतं. तिथे नुकसान अर्धवट बऱ्या झालेल्या आजाराचं. पाच-सात दिवसांचाच कोर्स असेल तर तेवढे दिवस लोह-कॅल्शियम थांबवू का, असं डॉक्टरांना सरळ विचारा. बहुतेक जण हो म्हणतात.

प्रश्न : नमस्कार मॅडम. वय २३, जिमला जातो. करोनाच्या वेळेपासून झिंक ५० रोज घेतो, बंद केलं नाही. मित्र म्हणतो याने शरीरातलं तांबं कमी होतं. मी तर तांब्याच्या तांब्यातलंच पाणी पितो, मग मला काय भीती? (रो. मा., इचलकरंजी)

उत्तर : तुझा मित्र हुशार आहे, त्याला चहा पाज. (त्याने लोहाची गोळी घेतली नसेल तर.)

आधी पट्टी उलटी करून वाच. 'झिंक ग्लुकोनेट ५०' असेल तर त्यात प्रत्यक्ष झिंक सातच मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे घाबरायचं कारण नाही. पण 'मूलद्रव्य झिंक ५०' असं असेल तर ते जास्त आहे. पुरुषाला दिवसाला १७ मिलिग्रॅमची शिफारस आहे, तीही जेवणासकट, आणि वरची मर्यादा ४० धरतात. क्षाराचं वजन वेगळं आणि आतल्या धातूचं वेगळं, हा घोळ सगळ्याच गोळ्यांत आहे. कॅल्शियम कार्बोनेट १२५० लिहिलं असलं तरी कॅल्शियम ५००च.

जास्तीचं झिंक आतड्यात गेलं की तिथल्या पेशी एक प्रथिन जास्त तयार करतात. ते प्रथिन झिंक धरून ठेवतं, पण त्याला तांब्याची ओढ जास्त. आलेलं तांबं ते पेशीतच अडकवतं, आणि आतड्याच्या त्या पेशी काही दिवसांत झडून गेल्या की तांबंही बाहेर. तुझ्या तांब्याभांड्यातलं पाणीही त्याच दाराने जाणार ना? दारावरच पकडलं जातंय. विल्सन नावाच्या आजारात शरीरात तांबं साठतं, तिथे डॉक्टर मुद्दाम झिंक देतात ते याचसाठी. पण तुला तो आजार नाही. तांबं फार उतरलं तर रक्त कमी होतं, आणि ते लोहाच्या गोळ्यांनी भरून येत नाही. पायाला मुंग्या, चालताना तोल जाणं अशी मज्जातंतूंची दुखणीही लागतात. असं काही होत असेल तर डॉक्टरांना झिंकचं आवर्जून सांग, कारण ते आपणहून विचारतीलच असं नाही. नसेल तर पुढची डबी आणू नकोस, एवढंच.

आणि झिंकला नावं ठेवतेय असं समजू नकोस. माणसाला झिंक कमी पडू शकतं हे ज्यांनी दाखवलं ते डॉ. आनंद प्रसाद आपल्या बिहारमधल्या बक्सरचे. १९५८ मध्ये इराणातल्या शिराझला त्यांनी २१ वर्षांचा एक तरुण पाहिला, दिसायला दहा वर्षांच्या पोरासारखा. खाणं म्हणजे बिनआंबवलेली रोटी, आणि जोडीला माती! धान्याच्या कोंड्यात फायटेट असतं, ते झिंक आणि लोह दोन्ही अडवतं. आंबवलं किंवा मोड आणले की ते बरंच मोडतं. आंबोळी आणि मोडाची मटकी करणाऱ्या आपल्या आज्यांना फायटेट हा शब्द माहीत नव्हता. तूही मटकी खा, त्या डबीपेक्षा स्वस्त पडेल.

प्रश्न : मल्टिव्हिटॅमिनच्या एकाच गोळीत लोह, कॅल्शियम, झिंक सगळं असतं. मग कंपन्या आपल्याला फसवतात का? (दि. कु., पंढरपूर)

उत्तर : फसवतात असं नाही, पण त्या गोळीवर फार विसंबू नका. त्यात कॅल्शियम थोडंच असतं, कारण पुरेसं घालायचं तर गोळी गिळता येणार नाही. जेवणाला जोड म्हणून ठीक. अंगात रक्त कमी असताना मात्र लोह वेगळं आणि पुरेसं घ्यावं लागतं.

प्रश्न : बायकोला डॉक्टरांनी रोज एक लोहाची गोळी दिली होती. लवकर रक्त वाढावं म्हणून मी सकाळ-संध्याकाळ दोन द्यायला लागलो. तिला बद्धकोष्ठ झालं. आता कुणी म्हणतं एक दिवसाआड घ्या. नेमकं काय? (अ. शि., बार्शी)

उत्तर : भाऊ, प्रेम कळलं, पण दुप्पट गोळीने रक्त दुप्पट वेगाने वाढत नाही. लोहाचा मोठा डोस पोटात गेला की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं आणि ते आतड्याला सांगतं, आता पुरे. हा बंदोबस्त साधारण दिवसभर टिकतो. संध्याकाळची गोळी बंद दारावर जाऊन आदळते, न शोषलेलं लोह खाली उतरतं, आणि मग तो बद्धकोष्ठ. स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी अंगात लोहाचा साठा कमी असलेल्या बायकांवर प्रयोग करून २०१५ आणि २०१७ मध्ये दाखवलं की एक दिवसाआड दिलं तर प्रत्येक गोळीतलं जास्त लोह आत जातं. म्हणून काही डॉक्टर आता तसं लिहून देतात. तुमच्या डॉक्टरांना विचारा. ते हो म्हणेपर्यंत त्यांनी सांगितलेली रोज एक, दुसरी आजपासून बंद. गरोदर बायकांनी मात्र हे वाचून आपल्या मनाने दिवसाआड सुरू करायचं नाही, त्यांना रोजचीच.

प्रश्न : ताई, या गोळ्यांची कटकटच नको. व्हॉट्सॲपवर आलंय की गव्हाच्या दाण्याएवढा खायचा चुना वाटीभर दह्यातून घेतला की कॅल्शियम भरपूर मिळतं. मी वर्षभर घेतेय, गुडघ्यांना फरक वाटतो. बरोबर ना? (सौ. इं. चौ., तासगाव)

उत्तर : गव्हाचा दाणा भरतो चाळीस-पन्नास मिलिग्रॅम. ओल्या चुन्यात निम्मं पाणी धरा. उरलेल्यातही निम्म्याच्या थोडं वर कॅल्शियम. म्हणजे हाती आलं दहा-पंधरा मिलिग्रॅम, आणि मोठ्या माणसाची दिवसाची गरज १००० ची. दाणा मोठा घ्यायच्या फंदात पडू नका, चुना तोंड आणि अन्ननलिका भाजतो. वाटीभर दह्यात मात्र दीडशेच्या पुढे कॅल्शियम असतं, चुन्याच्या दसपट. चुन्याची डबी पानाच्या तबकात परत ठेवा आणि दही चालू ठेवा. फक्त त्या वेळी लोहाची गोळी नको.